शनिवारचा काटा

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं. दुकानातून साखर आणली तर घरी येऊन पुन्हा तोलतो. डेअरीत दूध घालताना फॅटच्या नळीवरून नजर हलवत नाही. ऊस होता तेव्हा ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर न्यायचो, मग कारखान्याच्या. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या जुळल्या तरी रात्रभर वाटायचं, दोघं एकमेकांना सामील असतील. माझी बायको कुशाबाई म्हणते, "ह्यास्नी न्यायला यमाचा रेडा आला तर आधी त्याचं दात बघत्याल." म्हणू दे. दात बघितल्याशिवाय जनावर घेतलेल्यांची गत मी बघितली आहे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. बारामती-इंदापूर रस्त्याला आमच्या डाळिंब संस्थेची शेड होती आणि दसऱ्याच्या तोंडावर त्या शेडमध्ये फळं निवडायचं मशीन आलं. तोवर हे काम बायका करायच्या. ढिगाभोवती बसायचं, फळ हातात तोलायचं आणि एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा पाट्या भरायच्या. प्रत्येकीचा हात वेगळा, त्यामुळे पेटीत लहान-मोठं फळ शेजारी यायचं आणि मुंबईचे व्यापारी कुरकुर करायचे. मशीन आल्यावर बायकांचं काम उरलं ते तडकलेलं फळ बाजूला काढायचं आणि बाकीची भराभर वाट्यांत ठेवायचं. साखळीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, एका वाटीत एक फळ. साखळी पळत सुटायची आणि वाटी एकापाठोपाठ चार काट्यांवरून जायची. पहिल्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या वरचं फळ असलं की वाटी आपोआप कलंडायची आणि फळ एक नंबरच्या पेटीत पडायचं. हलकं असलं तर पुढच्या काट्यावर दोन नंबरला, नाहीतर त्याच्या पुढे. तासाला दहा हजार फळं. बायकांना दोन दिवस पुरायची ती माझ्या बागेची तोड हे मशीन तासाभरात संपवायचं.

एवढ्या घाईत लबाडी करायला किती जागा असेल, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार.

मशीन चालवायला संस्थेनं रविंद्रला घेतलं. हा साहेबरावांचा थोरला. साहेबराव आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात होतो, एका माळावर गुरं राखली. त्यांच्या माणसांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा आम्ही मिसरूड फुटायच्या वयाचे होतो. त्यांची दोन एकर डाळिंब माझ्या बागेला लागून आहे, बांध एकच. रविंद्र आयटीआयला फिटर झालेला, पुण्यात एका कंपनीत चांगला चिकटलेला होता. "गावात मशीन येतंय, गावातच कामाला ये," म्हणून साहेबरावांनी त्याला परत बोलावलं. पोरगा हुशार होता, बोलायला मऊ होता. मऊ बोलणाऱ्याचा मला जरा जास्तच संशय येतो.

पहिली ठिणगी खंडेनवमीला पडली. त्या दिवशी आम्ही विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा करतो. मी संस्थेचा संचालक, घर शेडला सगळ्यात जवळ, म्हणून किल्ली माझ्या कडदोऱ्याला. नारळ, गुलाल, हळदी-कुंकू, झेंडूची माळ असं सगळं घेऊन मी गेलो, तर रविंद्र आडवा आला.

"तात्या, नारळ दारात फोडा. मशीनवर पाणी, गुलाल, माळ काय बी नको. काट्यावर जरा काय पडलं की वजन चुकतंय."

चेअरमन आप्पासाहेब तिथंच होते. ते म्हणाले, "पोरगं बरुबर बोलतंय. दारात फोडा."

मी दारात नारळ फोडला. ह्याला आपला देव नको, हे मी मनात पक्कं लिहून ठेवलं. त्यानं देवाचं नाव काढलं नव्हतं, वजनाचं काढलं होतं. पण ऐकणाऱ्याच्या कानात जे असतं तेच ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी साखळी तुटली. रविंद्र म्हणाला, एक कडी कच्ची होती. मला विचाराल तर नजर लागली होती. सांगवी, वडगाव निंबाळकर, फलटण, कुठून कुठून माणसं मशीन बघायला येत होती आणि डोळे फाडफाडून बघत होती. घरात नवी म्हैस आणली तरी आपण काळा दोरा बांधतो. हे तर लाखांचं मशीन.

मी कुशाबाईला लिंबू-मिरची ओवायला सांगितली. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, खाली बिब्बा. शनिवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मी शेड उघडली. वर बांधलं तर रविंद्र काढून टाकणार, म्हणून जागा शोधली. पहिल्या काट्याखाली पत्र्याची एक बंद पेटी होती. तिच्या झाकणाला कंपनीचं सील. ते पुण्याच्या इंजिनिअरनंच तोडायचं, दुसऱ्या कुणी तोडलं तर गॅरंटी गेली. पण धूळ खाली पडावी म्हणून पेटीच्या तळाला हात जाईल एवढी फट होती. मी फरशीवर उताणा पडलो आणि हात आत घातला. एक बारीक दांडी बोटाला लागली, तिला गाठ मारली. नेमकी जागा मिळाली म्हणून मला बरं वाटलं. मग दर शनिवारी जुनं काढायचं, नवं बांधायचं, हे माझं व्रतच झालं.

दिवाळीनंतर मृग बहाराची तोड सुरू झाली. कुणाचा माल कोणत्या वारी, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. शनिवारी सकाळचा पहिला माल माझा आला, शुक्रवार दुपारचा साहेबरावांचा.

इथं एक सांगायला हवं. एक नंबरच्या पेटीत बागवाल्याच्या नावाची चिठ्ठी जायची. दोन नंबरला ती नसायची. सहा वर्षं मुंबईच्या बाजारात माझ्या नावाची चिठ्ठी जात होती आणि त्या चिठ्ठीची मला एवढी घमेंड होती की लग्नपत्रिकेतल्या नावाची नसेल.

पहिल्याच शनिवारी माझ्या बागेतली फळं पहिल्या काट्यावरून निवांत पुढे गेली आणि दोन नंबरला धडाधड पडायला लागली. बायकांच्या हाताखाली माझ्या निम्म्या पाट्या एक नंबरच्या असायच्या. मशीननं पाव भागसुद्धा दिला नाही. मला वाटलं, असेल, पहिली तोड आहे. दुसऱ्या शनिवारी तेच झालं, तिसऱ्या शनिवारी तेच. आणि शुक्रवारी साहेबरावांच्या फळाला निम्म्याच्या वर एक नंबर. बांध एक, कालवा एक, रोपंसुद्धा एकाच नर्सरीतली गणेश जातीची. मग फळात फरक कसा पडतो?

मी शुक्रवारी संध्याकाळी न सांगता शेडवर गेलो. सगळे घरी गेलेले, रविंद्र एकटाच. हातात पाना, आणि पहिल्या काट्याचा नट तो पाव पाव फेरा फिरवत होता. फिरवायचं, वाटीत काहीतरी ठेवायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं.

"काय चाललंय?" मी दारातूनच विचारलं.

तो दचकला. दचकला हे मी नीट बघितलं.

"काटा लावतोय, तात्या. दर शुक्रवारी तपासतो. थोडा हलतोय, का हलतोय कळंना झालंय." त्यानं वाटीतलं लोखंडी वजन मला दाखवलं. "हे कंपनीचं साडेतीनशेचं. बघा, आता बरुबर पडतंय."

वाटी कलंडली. वजन एक नंबरला पडलं.

"साहेबरावांचा माल झाला व्हय आज?" मी म्हणालो.

"व्हय, दुपारीच झाला."

"आन् आता काटा फिरवला."

त्याला माझं बोलणं आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण तो काही बोलला नाही. त्याचं गप्प बसणंही मी पुराव्यात धरलं. घरी आल्यावर कुशाबाईला म्हणालो, "बापाचा माल झाला की काटा आवळतोय, शनिवारी माझ्या बोकांडी." ती मिरच्या ओवत होती. म्हणाली, "दोरा धरा जरा."

पुढच्या आठवड्यात मी पुरावा पक्का केला. माझ्या बागेतलं एक फळ घेऊन शुक्रवारी सकाळी बारामतीला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. सोन्याच्या काट्यावर डाळिंब बघून त्याच्या दुकानातल्या बायका हसल्या. तीनशे बहात्तर ग्रॅम भरलं. देठाजवळ नखानं फुली मारली आणि शनिवारी ते फळ मी स्वतः वाटीत ठेवलं. पहिला काटा आला आणि वाटी जागची हलली नाही. फुलीचं फळ दोन नंबरच्या पेटीत पडलं. ते उचलून मी आप्पासाहेबांच्या घरी गेलो.

संध्याकाळी शेडमध्येच बैठक भरली. चाळीसेक बागवाले आले होते. साहेबराव मागे खांबाला टेकून उभे होते. मी फळ दाखवलं, सोनाराची चिठ्ठी दाखवली, शुक्रवारच्या पान्याचं सांगितलं. रविंद्र शांतपणे पुढे आला. म्हणाला, "काल सांजचं मी काटा लावलाय. तुमच्यासमोर दाखवतो." त्यानं मशीन चालू केलं आणि कंपनीचं लोखंडी वजन वाटीत ठेवलं.

वाटी पहिल्या काट्यावरून तशीच पुढे गेली.

त्यानं पुन्हा ठेवलं. पुन्हा तशीच गेली. मग तिसऱ्यांदा ठेवलं. वजन दोन नंबरच्या पेटीत आदळलं त्याचा आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला.

"काल पडत व्हतं," तो म्हणाला. "आईशप्पत, काल पडत व्हतं."

"काल तुझ्या बापाचा माल व्हता ना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि माणसं हसली. मीही हसलो. आता सांगायला जड जातं, पण हसलो.

"असल्यांच्या हातात काटा दिला की असंच व्हायाचं," आणखी एकजण म्हणाला. असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं.

सेक्रेटरीनं प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं: "ऑपरेटर रविंद्र साहेबराव यांनी काट्याच्या वजनात फेरफार केला असल्याने त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे." सूचक म्हणून खाली मी सही केली, ठळक, फाटे देऊन.

रविंद्र एवढंच म्हणाला, "पुण्याच्या इंजिनिअरला बोलवा. पेटीचं सील त्याच्या हातनं उघडा, माझ्यासमोर उघडा. तवर मशीन चालवू नका." आप्पासाहेबांनी पुढच्या शनिवारचं ठरवलं. मशीन बंद राहिलं आणि शेडला मी कुलूप घातलं.

मंगळवारी मी बागेत होतो, तर साहेबराव बांधावर येऊन उभे राहिले. बांध ओलांडला नाही.

"संभाजीराव," ते म्हणाले, "हा बांध घातला तवा दोरी तुमी धरली व्हती. आठवतंय का?"

"आठवतंय की."

"मी फिरून मोजलं न्हवतं. लोक म्हणत व्हते, मोजून घे, संभाजी लई हिशेबी हाय. मी म्हणलं, त्यानं धरलीया न्हवं, मग झालं. पोरगं पुण्याला जुन्या कंपनीत गेलतं. ते म्हणत्यात, मधल्या कामाचा दाखला आण. दाखल्यावर तुमची संस्था काय लिव्हणार? वजनात फेरफार. ते वाचून त्याला पुना कोण काट्याजवळ उभं करंल? पुण्याची नोकरी मी सोडाय लावली त्याला. मी."

अडचणीत आलो की मी टोचून बोलतो. म्हणालो, "काटा खोटं बोलत न्हाय, साहेबराव. काटेवाला बोलतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी मला तरी इचारायचं व्हतं," असं म्हणून ते वळले आणि त्यांच्या बागेतून सरळ निघून गेले. मी पाण्याची पाळी सोडून तिथंच उभा राहिलो. मन म्हणत होतं, हा बाप आहे, बाप असंच बोलणार. तरी त्या दिवशी भाकरी नीट गेली नाही.

शुक्रवारी कुशाबाई लिंबू ओवायला बसली. "उद्या इंजिनिअर यायचाय," मी म्हणालो, "पन्नास माणसं मशीनकडं बघत्याल. लिंबू जरा मोठं घे."

तिनं मोठं घेतलं. सुई घालता घालता म्हणाली, "एक इचारू का? शुक्रवारी त्यो मशीनला हात लावतो, शनिवारी तुमी लावताय. मग चोर एकटा त्योच कसा?"

"मी देवाचं करतोय."

"व्हय, पण करताय मशीनलाच." तिनं दोरा दातानं तोडला. मी उठून बाहेर गेलो. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. मलाही काही कळत नव्हतं, हे म्हणायचं राहिलं.

शनिवारी सकाळी मी नेहमीसारखा आधी गेलो, उताणा पडलो, जुनं काढलं, नवं बांधलं.

दहा वाजता इंजिनिअर आला. चष्मेवाला, बारीक अंगाचा माणूस. शेड भरली होती. रविंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याच्या शेजारी साहेबराव. इंजिनिअरनं लोखंडी वजन टाकून बघितलं, पडलं नाही. त्यानं मान हलवली, सील तोडलं, झाकणाचे चार बोल्ट काढले आणि आत बॅटरीचा उजेड मारला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

त्यानं हात आत घालून बाहेर काढला तेव्हा त्याच्या बोटांत माझं लिंबू लोंबत होतं.

मग गेणू हमाल चार पावलं मागे सरला आणि ओरडला, "करणी! करणी केलीया!" लगेच सगळी शेड पेटली. "तरीच म्हणलं माल का पडंना!" "सील असून आत गेलं कसं?" "ज्याच्या ताब्यात मशीन व्हतं, त्यानंच!" दोन-तीन जण रविंद्रच्या अंगावर गेले. साहेबराव मध्ये आडवे झाले, त्यांची टोपी खाली पडली.

खरं सांगतो, आधी भीती वाटली. लाज नंतर आली.

"थांबा," रविंद्र म्हणाला. "मला बघू द्या." त्यानं लिंबू हातात घेतलं आणि शेजारच्या छोट्या काट्यावर ठेवलं. "ऐंशी ग्राम. सायेब, ही दांडी काट्याचीच ना?"

"पहिल्या काट्याच्या दांडीचं टोक आहे हे," इंजिनिअर म्हणाला. "इथं जेवढं वजन लोंबेल तेवढं फळ जास्त जड लागेल. ह्या लिंबापायी काटा साडेतीनशेच्या जागी चारशेच्या वरचं फळ मागत होता. लिंबू-मिरच्या जशा वाळतील तसं वजन उतरेल, काटा हलका होत जाईल."

"म्हंजे शुक्रवारपतोर वाळायचं," रविंद्र स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "आन् मी दर शुक्रवारी वाळलेल्या लिंबावर काटा लावत व्हतो." तो खाली वाकला, पेटीच्या तळातून त्यानं वाळके देठ गोळा केले आणि तळहातावर धरले. "लई दिवसांचं चाललंय हे." मग त्यानं ताज्या मिरच्यांकडे बघितलं, एक मोडली. कट्कन आवाज झाला. "हे आज सकाळचं हाय. देठ अजून हिरवं हायती. आन् आज आठ दिस झालं, मी ह्या शेडात पाय ठेवला न्हाय."

त्यानं पुढचं बोलायला हवं होतं. सगळ्यांना वाटत होतं, आता बोलेल. तो बोलला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबराव मात्र बघत होते, माझ्या कमरेकडे, कडदोऱ्याला लटकणाऱ्या किल्लीकडे.

"किल्ली कुणापाशी असती?" आप्पासाहेबांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

मी गाठ सोडली आणि किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "मी बांधलं," मी म्हणालो. "पहिल्यापासनं, दर शनिवारी. नजर लागू नये म्हणून."

आप्पासाहेबांना हसू फुटलं. पाठोपाठ सगळी शेड हसायला लागली. "तात्यांनी मशीनची दृष्ट काढली!" "सोताच बांधलं आन् सोताच्याच मालाला बाधलं!" "काखेत कळसा आन् गावाला वळसा!" कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, "जाऊ द्या वो, देवभोळं माणूस हाय. भावनेनं केलं. मिटलं. गेणू, च्या सांग समद्यास्नी."

मिटलं! माझं एका हसण्यात मिटलं. चहा येईपर्यंतही वेळ लागला नाही. रविंद्र तिथंच उभा होता, मोडलेली मिरची हातात घेऊन. तो हसत नव्हता. साहेबराव वाकून आपली टोपी उचलत होते, झटकत होते. ज्या शेडनं आठ दिवसांपूर्वी त्याला चोर ठरवलं होतं, तीच शेड माझ्या पाठीवर थापा मारत होती. काटा कुठं हलतो, ते मला त्या दिवशी दिसलं. मी तो जन्मभर दुकानांत आणि कारखान्यात शोधत होतो.

"वही काढा," मी सेक्रेटरीला म्हणालो.

"कसली वही, तात्या?"

"प्रोसिडिंगची. लिवा. संचालक संभाजी यांनी काट्याच्या वजनात फेरफार केला. शब्द त्येच पायजेत, मागच्या पानावरचे."

हसणं कमी झालं. आप्पासाहेब जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "आवो, तुमी काय मुद्दाम केलं न्हाय."

"त्यानं मुद्दाम केलं हे तरी कुणी बघितलं व्हतं? मी. आन् मी काय बघितलं, ते त्या काट्यावर पडलंय, ऐंशी ग्राम." माझा आवाज चढला होता. "त्याच्यावरचा ठराव खोडा. खोडला म्हणून बी लिवा. आन् त्याच्या दाखल्यावर काट्याचं काम चोख केलं असं लिवा. न्हायतर मी हितनं उठत न्हाय."

सेक्रेटरीनं आप्पासाहेबांकडे बघितलं, मग लिहिलं. मी सही केली. ह्या वेळी फाटे दिले नाहीत.

मग मी रविंद्रपुढे जाऊन उभा राहिलो. माफी कशी मागतात हे मला येत नाही, कधी मागितलीच नव्हती. "पोरा, माझं चुकलं," एवढंच म्हणालो आणि साहेबरावांकडे वळून तेच पुन्हा म्हणालो. साहेबरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, मला सांगता येणार नाही.

आप्पासाहेब म्हणाले, "रविंद्र, मग सोमवारपासनं ये कामावर."

"यायचं का न्हाय ते घरी बोलून सांगतो," तो म्हणाला. "आज काटा तेवढा लावून देतो. लिंबू काढल्यावर आता हलका झाला असंल." त्यानं हात पुढे केला. "पाना द्या."

पाना खिडकीत होता. मी नेऊन दिला. त्याच नटावर त्यानं तोच पाना लावला, पाव पाव फेरा फिरवला, लोखंडी वजन ठेवलं, बघितलं, पुन्हा फिरवला. मी चोरी म्हणून बघितलं होतं ते हेच, आणि आता पन्नास माणसं चहा पीत बघत होती. शेवटी वजन एक नंबरला पडलं. त्यानं दहादा टाकलं, दहाही वेळा पडलं.

"कुणाचा माल आधी?" त्यानं विचारलं.

शनिवार होता. माझाच होता. सकाळीच तोडून आणलेल्या पाट्यांतलं एक चांगलं दणकट फळ मी निवडलं. बघताक्षणी कुणीही एक नंबरचं म्हणावं असं. वाटीत ठेवलं. साखळी पळाली, पहिला काटा आला आणि वाटी हलली नाही. माझं फळ पुढे गेलं आणि दोन नंबरच्या पेटीत पडलं.

मला आतून उसळून आलं. सवयीनंच आलं, अठ्ठावन्न वर्षांच्या सवयीनं. तोंड उघडलंसुद्धा होतं.

रविंद्रनं ते फळ पेटीतून उचललं. दुसऱ्या हातानं छोटा काटा पुढे ओढला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"तात्या, वजन करून दाखवू का?"

"नको," मी म्हणालो.